अर्धा लिटर

साडेअकराला शेवटचं पातेलं पालथं घालते,
ओट्यावरून फडकं फिरवते
आणि मोबाईल मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा करते.
टेबलावर आधीच पाच जण.
कुणी सुरतेचा, कुणी गुवाहाटीचा असेल, मला काय ठाऊक;
मी त्यांना ते किती थांबतात यावरून ओळखते.
त्यातला एक चांगले पत्ते आले की लगेच बोली वाढवतो,
नववीतल्या ऋग्वेदसारखा,
उत्तर येत असलं की आधी हात वर.

मी बीजगणित शिकवते. धनकवडीत,
शेवटच्या बसस्टॉपच्या मागे, हॉलमध्ये सतरंजी टाकून,
चार ते सात.
मुलांना सांगते, संभाव्यता म्हणजे नशीब नव्हे.
रात्री तेच स्वतःला सांगते,
आणि इस्पिकची राणी येत नाही, येत नाही,
येत नाही.

नियम माझेच आहेत.
दोनशेच्या वर नाही. एकच्या पुढे नाही.
बुधवारी नाही, कारण गुरुवारी पाणी नसतं
आणि आदल्या रात्री पिंपं भरायची असतात.
मकरंदची पहिली पाळी असेल तेव्हा नाही.
हा शेवटचा मी तीनदा मोडलाय.
चारदा.

चौथ्यांदा मोडला त्या पहाटे
चाकणची बस नाक्यावर यायला वीस मिनिटं होती
आणि माझ्या डोळ्यांपुढे अजून चौकटची दश्शी.
पोळी करपली.
तो म्हणाला, बरं नाही का?
मी म्हणाले, ॲसिडिटी.
इतकी सफाईदार थाप मला टेबलावर कधी जमली नाही.

हिशोब वहीत ठेवला की वही लपवावी लागते.
म्हणून मी तो उघड्यावर ठेवला,
भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या पिशव्यांमध्ये.
शंभर जिंकले, अर्धा लिटर जादा.
शंभर गेले, तर ‘दूध नाही’.
आठ महिने चाललं.
दुधाचे पैसे मीच द्यायची ना.

मग मामेबहिणीच्या डोहाळजेवणाला
दोन दिवस सासवडला गेले,
आणि मध्ये एक तारीख आली.
मकरंदने आकडे मांडले, बेरीज केली, पैसे चुकते केले.
संध्याकाळी धुमाळांचा मुलगा परत आला:
काका, सहा लिटरचे जास्त दिलेत.
आणि तेरा तारखेला दूध नाही म्हणताय,
त्या दिवशी तर मी दोन पिशव्या टाकल्या.

हे मला त्या पोरानेच सांगितलं, चार दिवसांनी, जिन्यात.
मकरंद काहीच बोलला नव्हता.
उरलेल्या नोटा कॅलेंडरच्या खिळ्याला
चिमट्यात अडकवलेल्या होत्या,
आणि मला वाटलं होतं, गॅसचे असतील.

लहानपणी भोरला मेंढीकोट खेळताना
माझ्या हातात दश्शी आली की माझे कान लाल व्हायचे.
भाऊ पत्त्यांकडे नाही, कानांकडे बघायचा.
सुरतेच्या माणसाला माझे कान दिसत नाहीत.
इथे ताटं समोरासमोर असतात.
तिथे विचार करायला पंधरा सेकंद देतात.
तो चार दिवस आमटी भुरकत होता.

आज पान उलटताना दिसलं,
चौदा तारखेच्या चौकोनात, त्याच्या बारक्या अक्षरात:
पहिली पाळी. झोप.
बाकीचे चौकोन कोरे.
जुन्या पानावरही खाडाखोड नाही,
प्रश्नचिन्ह नाही, माझ्या पिशव्या जशाच्या तशा.

बोली नाही लावली त्याने.
पत्तेही नाही टाकले.

मी पेन घेतलं. सकाळी दोन पिशव्या आल्या होत्या,
दोन लिहिल्या.
मोबाईल डब्यापाशीच होता, साडेअकरा झाले होते,
बुधवार,
कान गरम,
आणि मी तशीच उभी, त्या चौदा तारखेकडे बघत,
आतून त्याचा आवाज येईपर्यंत:
पिंप वाहतंय.